मोबाईलमधलं खोटं कुलूप

हो, कुलूप पाहूनच पासवर्ड टाकला मी. आंधळा नाही.

आज दुपारी मेसेज आला, अकाउंट बंद होऊन राह्यलं. लिंक उघडली. वर पत्त्याजवळ कुलूप होतं. पोरीनंच सांगतलं होतं, "अब्बा, कुलूप दिसलं का साइट खरी."

चोट्ट्यानं माह्याच अकाउंटवरून, दवाखान्यात हाओ म्हणून, माह्या नावानं साऱ्याईले पैसे मागतले. शेलूबाजारच्या साडूचा फोन, "भाईजान, दवाखान्यात आहा का?"

आता पोरगी म्हणते, ब्राउझर जुना, त्यात खोट होती, म्हणून चोराले खोटं कुलूप दाखवता आलं.

मंगरूळपीरात जिंदगीभर कुलपं दुरुस्त केली मी. लावलं का ओढून पाहतो. काचेवरचं कसं ओढावं?

पोरीच्या अकाउंटवरून लिहून राह्यलो. माह्या नावानं कोनाले पैसे देऊ नका.

बस. याच्यावर आता एक शब्द बोलनार नाही.