झिरा गड मागते

माझं डोकं लवकर तापतं, हे आमच्या कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे चैतालीबद्दल लिहायचं ठरलं तेव्हा मनाशी म्हटलं होतं, की शांतपणे लिहायचं. दोन कागद फाडले आणि तो नाद सोडला. ज्या गोष्टीचा राग आला ती रागातच सांगितलेली बरी.

चैताली सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्या टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे. टेबलावर टॉवेल पसरायचा, तुटका दोरा किंवा तेलाचा डाग दिसतो का बघायचं, चांगला एकीकडे आणि खराब दुसरीकडे टाकायचा. मी तिथंच डिस्पॅचला. माझं गाव अक्कलकोटच्या पुढं, घरी आम्ही कानडी बोलतो, म्हणून ती मला अण्णा म्हणते. बी.ए. झालेली, अंगानं काडी, आणि बोलायला फटकळ. सुपरवायझरसुद्धा तिच्या टेबलाशी जरा जपूनच थांबतो.

डब्याच्या सुट्टीत ती एका हातानं भाकरी मोडायची आणि दुसऱ्या हातानं फोनवर टाइप करत राहायची. तिच्या आईला, मीनाबाईंना, वाटायचं पोरगी कुणा पोराशी बोलते. एकदा त्यांनी मलाच गाठून विचारलं. मी म्हणालो, "मावशी, पोराबिराशी न्हाय हो, ती गडाची राखण करते." त्यांना ते जास्तच काळजीचं वाटलं.

पण खरंच तसं होतं. डिस्कॉर्ड नावाच्या गप्पांच्या ॲपवर मराठी पोरापोरींनी चालवलेला एक सर्व्हर, म्हणजे मोठा ग्रुप, आहे, 'नऊगड' नावाचा. तिथं प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि त्याच्या तोंडून लिहायचं. कुणी सरदार, कुणी वैद्य, कुणी चोर. एकानं लिहायचं 'मी तलवार उपसली', दुसऱ्यानं लिहायचं 'मी उडी मारून बाजूला झालो', अशी सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढं न्यायची. चैतालीमुळं मीही शिरलो. मी सराईवाला झालो. बसल्या जागी सगळ्यांना जेवायला वाढायचं, एवढंच माझं काम, आणि मला ते आवडायचं.

तिथं दोन ठिकाणं महत्त्वाची. एक 'कट्टा', तिथं आपण आपल्या नावानं गप्पा मारायच्या. दुसरं 'दरबार', तिथं फक्त पात्रांनी बोलायचं. दरबाराचा एक नियम होता: तिथं लिहिलं ते घडलं. हरायला लागलं की पोरं आपलं लिहिलेलं पुसायची, म्हणून सर्व्हरच्या मालकानंच तो केला होता. मालक म्हणजे इंद्रजीत, मूळचा नातेपुत्याचा, आता पुण्यात नोकरीला. गोष्टीतला महाराज पद्मसेनही तोच, आणि गोष्टीतल्या जगाचे कायदे लिहिणाराही तोच.

आता कायदे ऐका. या जगात माणसं आहेत, यक्ष आहेत, पंखवाले आहेत आणि भुयारी आहेत. भुयारी जमिनीखाली राहतात, त्यांना अंधारात दिसतं, गडावरची पाण्याची टाकी त्यांनीच खोदली. पण महादरवाज्यातून त्यांना प्रवेश नाही. मागच्या दिंडीदरवाज्यातून यायचं, तेही आतल्या एखाद्या माणसानं 'हा माझ्याबरोबर आहे' असं लिहिलं तरच. इंद्रजीतला वाटत होतं, हे त्यानं स्वतःच्या डोक्यातून काढलंय. कुठून काढलंस रे बाबा हे? कुठल्या गावात बघितलं होतंस?

सगळ्या सर्व्हरवर भुयारी पात्रं मोजून तीन. त्यातली दोन कंटाळून गेली. राहिली चैतालीची झिरा.

ती लिहायची, 'झिरा दिंडीपाशी उभी आहे.' मग डब्याची सुट्टी संपेपर्यंत कुणी आत घ्यायचं नाही. सगळे आत लढाया करतायत, लग्नं लावतायत, ही बाहेर. भोंगा झाला की फोन खिशात आणि पुन्हा टॉवेल. मी सर्व्हरवर आल्यावर तिला रोज सराईत घेऊ लागलो, पण प्रत्येक वेळी ते 'माझ्याबरोबर आहे' लिहिताना माझाच संताप व्हायचा. मी कोण लागून गेलो?

कट्ट्यावर सगळे तिला एकच सांगायचे. पात्र बदल की, फुकट आहे, एका मिनिटाचं काम. माणूस घे, नाहीतर पंखवाली हो. मीही एकदा विचारलं, की एवढी सोय असताना हा हट्ट का.

"अण्णा, तितं सगळेच सरदार हायत," ती म्हणाली. "मी पन सरदार झाले तर मजा काय? मला झिरा आवडती. ती हुशार हाय, तिला अंधारात दिसतं. तिच्यात काय खोट हाय म्हणून मी तिला टाकू?"

पुन्हा मी तिला ते विचारलं नाही. तिचा प्रश्न बरोबर होता.

मग शेंदरगडाला वेढा पडला. म्हणजे गोष्टीत. शत्रूनं गडाचं पाणी तोडलं, आणि माणसं, यक्ष, पंखवाले सगळे हात टेकून बसले. झिरानं बुजलेलं एक भुयार उकरून रात्रीतून बायकापोरं बाहेर काढली आणि त्याच वाटेनं पाणी आत आणलं. काय लिहिलं होतं पोरीनं! भुयाराच्या भिंतीचा ओलावा तळहाताला कसा लागतो, हे वाचताना मी डिस्पॅचची गाडी भरायची विसरलो होतो.

सर्व्हरची पद्धत अशी, की वेढा उठला की ज्यानं गड राखला त्याला सगळ्यांच्या मतानं किल्लेदार करायचं. किल्लेदारी म्हणजे नुसती पगडी नव्हे. त्या गडावर पुढं काय घडणार आणि कुणाला कुठल्या दारानं आत घ्यायचं, हे किल्लेदार ठरवतो. चैतालीला तेवढंच हवं होतं. शेंदरगडावर कुणीही यावं, महादरवाज्यातून यावं, बाहेर ताटकळू नये. मतं पडली, आणि झिरा जिंकली. चांगली दणदणीत जिंकली.

इंद्रजीतनं कट्ट्यावर लिहिलं, 'अभिनंदन! फक्त एक अडचण आहे. आपल्या जगाच्या कायद्यानुसार भुयारी किल्लेदार होऊ शकत नाही. चैताली, तू माणसाचं पात्र घे, मतं तुझीच धरू.' चैतालीनं लिहिलं, 'मतं झिराला पडलीत.' की लगेच सुरू झाले सगळे. गेम आहे, एवढं काय. गेममध्ये राजकारण आणू नका. हे कोण सांगत होते? जे एकदाही दिंडीपाशी उभे राहिले नव्हते ते.

त्याच सुमारास इंद्रजीत कुणाच्या तरी लग्नाला सोलापुरात आला. सात रस्त्याला एका हॉटेलात आम्ही तिघं चहाला बसलो. माणूस गोड बोलणारा. माझ्याशी कारखान्याच्या, गावाकडच्या गप्पा मारल्या. मग चैतालीकडं वळला.

"सर्व्हरवर तुमचं नुसतं चैताली आहे. आडनाव काय?"

माझं आडनाव त्यानं विचारलं नव्हतं. चैतालीनं सरळ सांगितलं.

"तरीच," तो हसून म्हणाला. "तरीच तुम्ही एवढं मनाला लावून घेताय."

"तरीच म्हंजे?"

"तसं नाही हो, गैरसमज नको. माझे कितीतरी मित्र तुमच्यातले आहेत."

मी खुर्ची सरकवून उभा राहिलो. काय करणार होतो ते मलाच माहीत नव्हतं. चैतालीनं माझी बाही धरली. "बसा अण्णा. चहा गार व्हायलाय." तिचा आवाज नेहमीसारखा होता, पण तिनं स्वतःचा चहा घेतला नाही.

किल्लेदारीचा निकाल दरबारात द्यायचा ठरला. सुट्टीचा दिवस, दुपारची वेळ, झाडून सगळे हजर. झिरानं दरबारात येऊन गड मागितला. साधं मागणं होतं: मी राखला, लोकांनी मला निवडलं, मला द्या. आम्ही महाराजांच्या उत्तराची वाट बघत होतो. इंद्रजीत त्याच वेळी मागं आपल्या दोन-तीन खास लोकांशी खाजगीत बोलत होता. आणि घाईत त्याची जागा चुकली. खाजगीतलं वाक्य भर दरबारात, महाराज पद्मसेनाच्या नावानं पडलं:

'हिला गड दिला की उद्या निम्मा सर्व्हर भुयारी होईल. बाहेर डोक्यावर बसलेत तेवढं पुरे, इथं तरी नको.'

मग झिराची ओळ उमटली.

'झिरा मान वर करून विचारते: महाराज, बाहेर म्हणजे कुठं?'

दुसऱ्या क्षणी महाराजांचं वाक्य गायब. लिहिलं ते घडलं हा नियम ज्यानं केला, त्यानंच ते पुसलं. वर कट्ट्यावर येऊन सांगतो, चुकीच्या जागी पडलं, धरू नका, तो गेमचा भाग नव्हता. चैतालीनं विचारलं, 'आजवर गेम आहे, गेम आहे म्हणत होतात. आता गेम नव्हता?' त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. बाकी वेळी एका वाक्यावर पन्नास हसरे चेहरे टाकणारी ही मंडळी! तेव्हा एकाचंही बोट हललं नाही.

संध्याकाळी इंद्रजीतचा मला फोन. "तुमचं ऐकते ती, समजावा. गड देतो ना मी, कायदा बदलतो. तिनं फक्त दरबारात एवढं लिहायचं, की महाराज काही बोललेच नाहीत, झिरानं मुजरा केला. विषय संपला." मी त्याला कानडीत दोन आणि मराठीत चार शिव्या हासडल्या आणि फोन ठेवला. पण निरोप तिच्यासाठी होता, तो द्यायलाच हवा होता.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत मी सगळं सांगितलं. तिनं ऐकलं. भाकरी तशीच गुंडाळून ठेवली.

"गड मिळंल म्हंतो?"

"व्हय."

"महादरवाजा पन उगडता यील?"

"तुझा गड, तुझा दरवाजा."

तिला तो गड हवा होता. हे मी लिहितोय कारण नंतर काहींनी म्हटलं, तिला गड नकोच होता, नुसता तमाशा करायचा होता. खोटं आहे. मी समोर बसलो होतो. एखाद्याला भूक लागावी तसा तिला तो हवा होता.

मग तिनं टाइप केलं आणि पाठवायच्या आधी मला दाखवलं. 'झिरा दरबारात उभी राहते. महाराज काल जे बोलले ते तिनं ऐकलं आहे. ती ते सगळ्यांसमोर पुन्हा सांगते.' आणि खाली इंद्रजीतचं ते पुसलेलं वाक्य, जसंच्या तसं.

"पाठवू?"

"तुझं तू ठरव," मी म्हणालो. तिनं पाठवलं.

भोंगा व्हायच्या आत तिला सर्व्हरवरून काढून टाकलं होतं. झिराचं नाव, वेढ्याचं सगळं लिखाण, एका बटणात साफ. किल्लेदार कुणीतरी एक सरदार झाला. मी सराई बंद करून बाहेर पडलो, आणि पडता पडता कट्ट्यावर जे लिहिलं ते इथं छापता येणार नाही.

ती रडली नाही असं लिहिलं असतं तर ऐटदार दिसलं असतं. ती रडली. चेकिंगच्या टेबलाशी, खराब म्हणून काढलेल्या टॉवेलात तोंड घालून रडली. मी म्हणालो, "सोड त्यांना. आपला नवा सर्व्हर काढू. नुसता भुयारींचा, वेगळा. बघू कोण अडवतंय."

तिनं टॉवेलातून तोंड वर काढलं. त्या इंद्रजीतवर चिडली नव्हती एवढी माझ्यावर चिडली.

"वेगळा कशाला, अण्णा? वेगळं तर आमाला सगळीकडं मिळतंयच की. मला शेंदरगड पायजे हुता. मी राखलेला."