भावोजींची फरशी

आमचे भावोजी फरशीवाले. म्हणजे विकणारे नव्हेत, घासणारे. लोकांच्या घरातल्या, कचेऱ्यांतल्या, दवाखान्यांतल्या फरश्या मशीनने घासून चकचकीत करण्यात त्यांचा उभा जन्म गेला. कुणाच्याही घरी जा, हा माणूस आधी खाली बघणार आणि मग यजमानांकडे. मी नवीन घर घेतलं तेव्हा पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधीच म्हणाले, "फरशी अगदीच मठ्ठ दिसतेय गं तुझी!" जीव जळला माझा.

स्वतःच्या घरात तर विचारूच नका. दरवर्षी मशीन घरी आणायचं, जाडाभरड्या दगडापासून सुरुवात करून बारीक दगडापर्यंत यायचं, आणि वर मेणाचा हात फिरवायचा. मग माझ्या ताईला हाक. "ये, तोंड बघ तुझं!" ती वाकून बघायची, हसायची, आणि भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात निघून जायची.

"अहो, पाय सरकतो हो इथे," असं ती म्हणायची.

"तुझा पाय सरकतो, त्यात माझ्या फरशीचा काय दोष?" आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसायचे.

एकदा न राहवून मी जाड चटई घेऊन गेले. "माझ्या फरशीवर पोतेरं घालतेस?" म्हणाले. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण ताईने डोळ्यांनीच मला गप्प केलं. तिची तऱ्हाच तशी. जीव मुठीत धरून चालेल, पण नवऱ्याच्या कौतुकाला धक्का लागू देणार नाही. चटई मी परत नेली.

आणि मग ती पडलीच. आंघोळ करून ओल्या पायांनी बाहेर आली आणि बाथरूमच्या दारातच घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चाललं होतं तेव्हा मी भावोजींना नाही नाही ते बोलले. "घाला आता मेण!" असंसुद्धा म्हटलं.

ताई वॉकर घेऊन घरी आली. डॉक्टरांनी बजावलं होतं, चालल्या तर सावरतील, पडून राहिल्या तर छातीत कफ साठेल आणि मग आमच्या हातात काही राहणार नाही. दवाखान्यात ती चालत होती हो! पण घरात पलंगावरून पाय खाली टेकवायची आणि चटका बसल्यासारखी वर घ्यायची. "इथे नको," एवढंच म्हणायची. आम्ही हातापाया पडलो, रागावलो, पण ती ढिम्म हलेना.

भावोजींनी बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतला. मग एक दिवस स्वतः बाजारात जाऊन चटया घेऊन आले. अंथरताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी म्हणाली, "आजोबा, आधी या उचला. वॉकर अडकला तर आजी परत पडतील." त्यांनी मुकाट्याने उचलल्या. दिवस जात होते आणि ताईला खोकला सुरू झाला होता.

त्या दुपारी मी गेले तर मशीनचा आवाज! म्हटलं, या माणसाला वेड लागलंय, बायको अशी पडलीय आणि हा पॉलिश करतोय. ओरडायला आत शिरले, तर मशीनला सगळ्यात जाडाभरडा दगड लावलेला. जमिनीवर पांढुरका चिखल. ताई तोंडाला टॉवेल लावून पलंगावरून बघत होती.

"चमक काढून टाकतोय," भावोजी म्हणाले.

भिंतीच्या कडेला मशीन पोचत नाही, तिथे हाताने घासावं लागतं. ते खाली बसले आणि त्यांच्या डोळ्यांसमोर आला तो भिंतीवरचा मळकट पट्टा. पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंत, तिथून स्वयंपाकघरापर्यंत. दर रंगकामाच्या वेळी ते कटकट करायचे, ही भिंत नेमकी इथेच कशी मळते म्हणून. आता त्यांनी त्या पट्ट्यावर आपला तळवा ठेवला आणि वळून ताईकडे बघितलं. मग ते पुन्हा घासायला लागले, आणि घासता घासता लहान मुलासारखे रडत होते.

दुसऱ्या दिवशी फरशी वाळली. पार मेलेली, एखाद्या गोदामातली वाटावी अशी. ताईने एक पाऊल टेकवलं, तळवा घासून बघितला. "धरतेय हो," म्हणाली. आणि वॉकर घेऊन थेट स्वयंपाकघरात गेली. ओट्याला टेकून सगळ्यांना चहा केला. कप हातात देताना तिने भावोजींना विचारलं, "एवढंच होतं होय? मग आधी का नाही केलंत?" रागाने नाही, खरंच नवल वाटून. ती रागावली असती तर फार बरं झालं असतं.

त्यानंतर ती थोडेच दिवस चालली. पलंगावर काढलेल्या दिवसांनी छाती भरली होती, ती मोकळी झालीच नाही. माझी ताई गेली.

मी अजून भावोजींकडे जाते. परवा ते त्या मठ्ठ फरशीकडे बघत बसले होते. म्हणाले, "तिने एकदा तरी मला नीट सांगायला हवं होतं गं."

गिळून टाकायला हवं होतं मी. पण बहीण माझी गेलीय.

"सांगत होती, भावोजी. तुम्ही हसायचात."

"चहा टाकतो," म्हणाले, आणि उठून भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेले.