मामांचा कान आणि कॉम्प्युटरवाली गाडी

सातपूरला आमच्या गॅरेजात दोन गोष्टी साठतात, जळकं ऑइल आणि किस्से. ऑइल न्यायला माणूस येतो. किस्से कोण नेणार? मग मीच वाटत फिरतो. शाळा आठवीतच सोडली, वेळ भरपूर.

*

गॅरेज दगूमामांचं, मी त्यांच्या हाताखालचा पोऱ्या. मामा ते सगळ्यांचेच. इंजिनाचं टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते, मामा कानानं लावतात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, आणि दुसऱ्या हातानं ठिणगी वाटणारा डबा, म्हणजे डिस्ट्रिब्युटर, हळूहळू फिरवायचा. आवाज गोड झाला की बोल्ट घट्ट.

एकदा मी त्या मुठीला काळं ग्रीस लावलं. मामा तसेच त्यांच्या सख्ख्या भाच्यासाठी मुलगी बघायला गेले. परत येऊन म्हणाले, "मुलीच्या आजीनं माझा कान धरून चारचौघांत पुसला. लग्न जमलं. तुला जेवायला बोलवणार नाय."

*

मग डॉक्टरांची गाडी आली, आखातातून आणलेली. कोणीतरी डिस्ट्रिब्युटर खोलून कसाही बसवलेला, त्यामुळं चढाला इंजिन खडखड करायचं. डॉक्टरांना आईला वणीच्या गडावर देवीला न्यायचं होतं.

"हिच्यात कॉम्प्युटर आहे," डॉक्टर म्हणाले. "टायमिंग तोच सांभाळतो."

"मग आमच्याकडं कशाला आणली?" मी म्हणालो. मामांनी पाना फेकला. लागला नाही.

आणि मामा समोरच्या चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत बोलून बसले, "ही गाडी चढ चढली नाय, तर गॅरेजला कुलूप लावीन आन् घोटीला सासऱ्याकडं भात लावीन."

सासऱ्याचं नाव काढलं तरी मामांना ॲसिडिटी होते, हे सांगायला हवं.

*

मामा डिस्ट्रिब्युटर डावीकडं फिरवायचे, आवाज बदलायचा, की लगेच कॉम्प्युटर तो होता तसा करायचा. उजवीकडं फिरवला, तेच.

"ही मुद्दाम करतीय," मामा म्हणाले.

"मामींसारखी," मी म्हणालो. दुसरा पाना.

बॉनेटला लिंबू-मिरची बांधली. संध्याकाळी टपरीवाला म्हणाला, "काय मामा, घोटीला पाऊस कसा हाय?"

मामांनी अर्धा चहा तसाच ठेवला. आता मात्र माझी टरकली. गॅरेज बंद झालं तर बाप मला परत शाळेत घालणार.

*

दुसऱ्या दिवशी म्हटलं, मामांना जरा हसवू. ते कान लावून, डोळे मिटून उभे होते. मी डिस्ट्रिब्युटरजवळचा एका वायरीचा प्लग हळूच उपटला. वाटलं गाडी बंद पडेल, मामा दचकतील.

बंद पडलीच नाही. उलट मामांनी फिरवलं आणि आवाज बदलला, तो बदललेलाच राहिला. कॉम्प्युटर मधे पडेचना, त्याचा हात त्याच वायरीतून पोचत होता.

"आली लायनीवर," मामा पुटपुटले. बोल्ट आवळला, इंजिन बंद केलं आणि हात धुवायला गेले. मी गपचूप प्लग जागच्या जागी लावून टाकला. मूळ बैठकच बरोबर झाली होती, आता कॉम्प्युटर तिथूनच पुढचं सांभाळणार, हे मला नंतर कळलं.

डॉक्टर वणीला जाऊन आले. पूर्ण घाटात गाडी एकदाही खडखडली नाही. आईंनी पेढे पाठवले. मामा खुर्चीत इतके सैल बसले की खुर्चीची पट्टीच तुटली. टपरीवाल्याला पेढा देत म्हणाले, "कान लागतो."

*

पुढं डॉक्टरांच्या मित्राची तसलीच गाडी आली. मामांनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं, स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, डोळे गच्च मिटले आणि म्हणाले,

"मी काय बघत नाय. तुला जी खोडी काढायची ती काढून घे."