लेले सरांची जर्मनीतली शाळा

लेले हेडमास्तर काळजीत असले की जर्मनीत जात. बसल्या जागी, अर्थात. आमची शाळा भरे ती भाऊसाहेबांच्या वाडीत, आणि स्टाफरूम म्हणजे तिथल्या सुपारी ठेवायच्या पडवीचा एक कोपरा. तिथल्या डुगडुगत्या बाकावर बसून सर चष्मा पुसायला लागले, की आम्ही मास्तरमंडळी एकमेकांकडे बघायचो. बोट निघाली. आणि काळजीत तर ते रोजच असत.

तरुणपणी रंगांचं रसायनशास्त्र शिकायला ते जर्मनीत गेले आणि तिथल्या एका माध्यमिक शाळेच्या मास्तरांकडे भाडेकरू म्हणून राहिले. रसायनशास्त्र कितपत आलं कोण जाणे, ती शाळा मात्र डोक्यात घेऊन परतले. स्वातंत्र्य मिळाल्यावर श्रीवर्धनच्या अलीकडच्या आमच्या गावात हायस्कूल काढायचं ठरलं, तेव्हा मुंबईची बरी नोकरी सोडून ते इथे आले. मी इतिहास शिकवायला लागलो तो त्यांच्याच हाताखाली.

"ती शाळा एका मठाच्या धान्यकोठारात सुरू झाली, बर्वे," ते सांगत. मग गाव जळलं, शाळाही जळली, पुन्हा बांधली. मग फ्रेंच सैन्य आलं आणि त्यांनी वर्गांत घोडे बांधले. घोडे गेले, शाळा पुन्हा भरली. मग प्रयोगशाळा आली, मग पुष्कळ भांडणं होऊन मुली आल्या. आमच्याकडे वाऱ्याने कौलं उडाली की त्या दिवशी तिथली आग निघे. भाऊसाहेबांनी सुपारीसाठी दोन वर्ग रिकामे करून मागितले की घोडे. मुलींनंतर पुढे काय झालं असं विचारलं, तर चष्मा नाकावर जाई. "पुढे तुमचा तास आहे."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "शाळेत काळजी करायला एक माणूस लागतो. तो पगार मी घेतो. तुम्ही निश्चिंतपणे शिकवा." एवढं बोलून ते आम्हाला दिवसभर निश्चिंत राहू देत नसत.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी काळजी खरी होती. आमची शाळा दहावीपर्यंत. अकरावीला, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गाला, सरकारी मान्यता हवी होती. ती नसेल तर मुलांनी दिघीहून तरीने आगरदांड्याला उतरायचं आणि पुढे मुरूडला राहून शिकायचं. मुलगे कसेबसे गेले असते. दहावीत जुबेदा नावाची मुलगी होती, गणितात अशी तयार की आमचे गणिताचे मास्तर तिच्या वहीशी आपलं उत्तर ताडून बघत. तिचे वडील हसनमियां त्याच तरीवर तांडेल. त्यांनी सरांना स्पष्ट सांगितलं होतं, "सर, मी रोज सगल्या गावाला पलीकडं नेतो. पण पोरीला एकटी तिथं ठेवनार न्हाय. हिथं वर्ग काढा, शिकंल ती."

तपासणीला इन्स्पेक्टरसाहेब यायचे ठरले. स्वागताच्या सभेत शाळेचा इतिहास सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी स्वतःला वक्ता समजत असे. या मताचा गावात दुसरा माणूस नव्हता. सर म्हणाले, भाषण लिहून काढा. मी म्हटलं, पाचसहा वर्षांचा तर इतिहास, त्याला कागद कशाला? सरांनी चष्मा पुसायला घेतला.

साहेब आले. गंभीर चेहरा, हातात उघडलेलं पेन. समोर अख्खा गाव. मी उभा राहिलो आणि डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. जिभेवर एकच वाक्य आलं : "आमची शाळा एका कोठारात सुरू झाली." इथवर ठीक होतं, सुपारीचं का होईना, कोठारच. पण रोज दुपारी ऐकलेलं ते. एकदा सुरुवात झाल्यावर पुढचं आपोआप यायला लागलं. मी गाव जाळलं. लोकांनी मागे वळून आपापली घरं पाहिली. मग मी फ्रेंच सैन्य आणलं आणि वर्गांत घोडे बांधले.

"माज्या पडवीत घोडं कवा बांधलं व्हतं रं?" भाऊसाहेब शेजाऱ्याला विचारत होते, चांगलं तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं. साहेबांचं पेन थांबलं. माझ्या चुकांची यादी तशी लांब आहे, पण आजवर त्यांत माझंच हसं व्हायचं. आज समोर जुबेदा बसली होती.

लेले सर उठले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, बर्व्यांनी सांगितली ती दुसरी शाळा, जर्मनीतली. चूक माझी, मीच रोज सांगतो. साहेबांनी कोरडेपणाने विचारलं, "इतकं सोसून टिकलेली ती शाळा आज आहे का?"

"ठाऊक नाही," सर म्हणाले. मग आम्हाला कधीच न सांगितलेलं पुढचं त्यांनी सांगितलं, खालच्या आवाजात. तिथे गणिताचे एक ज्यू मास्तर होते. नवं सरकार आलं आणि एका सकाळी ते शाळेत आले नाहीत. त्यांची खुर्ची रिकामी होती. घंटा झाली, सगळे आपापल्या तासाला गेले. कोणी विचारलं नाही. "त्या सकाळी मी तिथे पाहुणा म्हणून गेलो होतो. मीही विचारलं नाही. शाळा आगीने बुडाली नाही साहेब, घोड्यांनीही नाही. त्या सकाळी बुडाली." थोडं थांबून ते म्हणाले, "आमची शाळा टिकेल याची हमी मी देत नाही. मूल आलं नाही तर विचारायला जाईन, एवढंच सांगतो."

साहेबांनी मुलींच्या बाकाकडे वळून विचारलं, इथे अकरावी निघाली नाही तर तुम्ही कुठे जाल? बाकीच्या मुली खाली बघायला लागल्या. जुबेदा उभी राहिली.

"घरी," ती म्हणाली.

साहेबांनी काहीतरी लिहिलं. मान्यता आली ती एका वर्षाची, तात्पुरती. पुढच्या वर्षी पुन्हा तात्पुरती. लेले सरांची त्यामुळे कायमची सोय झाली. काळजी करायचा पगार त्यांनी निवृत्तीपर्यंत इमानाने घेतला. इतिहासाचं भाषण मात्र पुन्हा माझ्याकडे आलं नाही.

निवृत्तीनंतर ते श्रीवर्धनला बहिणीकडे राहिले. शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो तो दिवस शाळेचा होता, श्रावणातला. मला पाहून आनंद होण्याऐवजी ते उठायला लागले.

"तुम्ही इथे, मग शाळेत कोण आहे?"

हेडमास्तर तेव्हा मीच होतो, त्यामुळे प्रश्न रास्त होता. म्हटलं, जुबेदाबाई आहेत. सकाळी सातवीतला एक मुलगा आला नव्हता, म्हणून कोळीवाड्यात गेल्या होत्या. आता परतल्या असतील.

ते डोळे मिटून उशीवर टेकले. त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी उतरलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. तेवढ्यात बाहेर पावसाची सर आली आणि त्यांनी एक डोळा उघडला.

"तिच्याकडे छत्री आहे ना?"

आहे म्हणालो. नव्हती. परत गेल्यावर मी तिला माझी दिली.