दार धरून उभे राहिलेले चाचा

कुठल्याही हॉलमध्ये शिरले की चाचा आधी मागच्या दाराशी जायचे. त्यावरचा आडवा दांडा तळहातानं ढकलायचे, दार उघडतंय हे बघायचे आणि मगच माणसांकडे वळायचे. लग्न असो की बारसं. "आधी दार, मागनं सलाम," म्हणायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच, ज्याला बोलावल्यावर यजमानाला धाकधूक असते.

चाचा रत्नागिरीचे. कतारला, दोह्यातल्या आमच्या कंपनीत इमारतींची आगीची दारं तपासायचं काम त्यांच्याकडे होतं, माझ्याकडे एसीचं. शहराबाहेर अल खोरच्या साइटवर जाताना बसमध्ये ते नव्या माणसाला शेजारी बसवून अमेरिका सांगायचे. स्वतः कधी गेले नव्हते, पण सांगायचे असं, की जणू खाडीच्या पलीकडेच आहे.

"शंभर वर्सांमागं तिथं थेटराला आग लागली. दारं उघडेनात, माणसं चेंगरली. एक जण त्याच खेळाला जायचा होता, कामामुळं राहिला. त्यानं मग साथीदारांबरोबर हा दांडा शोधून काढलान. ढकललं की दार उघडलंच पायजे."

नवा माणूस खूश व्हायचा. चाचा त्याला फार वेळ खूश राहू देत नसत.

"थांब. दांडा बाजारात आला, तरी शर्टाच्या कारखान्यात मालकानं दाराला कुलूपच ठेवलान. पोरी माल चोरतील म्हणून. आग लागली नि पोरींनी वरनं उड्या टाकल्या. कायदे आले ते त्याच्यानंतर. दांडा काढायला दोन-चार डोकी पुरतात रे. कुलूप काढायला किती मरावे लागतात, बघ."

मग साइट आली की "यल्ला, चला," म्हणून तेच आधी उतरायचे.

दोह्याच्या अबू हमूर भागातल्या एका कंपाउंडच्या, म्हणजे भिंतीआडच्या वसाहतीच्या, क्लबहाउसमध्ये आमचा पाच दिवसांचा गणपती बसतो. चाचा दरवर्षी मोदक खायला हक्कानं यायचे. एका वर्षी मखर पूर्वेच्या भिंतीला लागलं. इमर्जन्सीचं दार त्याच भिंतीत होतं, ते थर्माकोलमागे गेलं. आरतीचा आवाज बाहेर जाऊ नये आणि पोरांनी सारखं उघडू नये, म्हणून पुढच्या दाराला आतून कडी. चाचा आले तेव्हा पूजा होऊन गेली होती.

"मखर हलवा," ते म्हणाले.

"चाचा, प्राणप्रतिष्ठा झाली. आता उत्तरपूजेपर्यंत मूर्ती हलवत नाहीत," आमच्या मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले. ते खरंही होतं.

"मग पुढची कडी काढा."

"शेजारी तक्रार करतील. चाचा, आमच्या देवाचं आम्ही बघतो ना."

सेक्रेटरी तसे वाईट गृहस्थ नव्हेत. पण इतक्या वर्षांत चाचांना तिथे कोणी 'आम्ही' आणि 'तुम्ही' केलं नव्हतं.

"देवाचं कुठं म्हणतो मी? पोरांचं म्हणतो," चाचा म्हणाले. "कडी घालू नका. मी बाहेरनं दार धरतो. आवाज जाणार नाय, पोरं उघडणार नायत."

आणि ते खरंच बाहेर गेले. दोह्यातला भाद्रपद म्हणजे संध्याकाळीसुद्धा हवा अंगाला चिकटते. आमच्या आरत्या तर एकीतून दुसरी निघतात, कोणाला थांबवत नाही. शेवटी मी दार ढकललं, तर चाचांचा सदरा पिळून काढावा असा भिजलेला. हात दाराच्या मुठीवरच होता.

"सगळी आली काय बाहेर?" एवढंच त्यांनी विचारलं.

मोदक त्यांनी तिथेच उभ्यानं खाल्ला. विसर्जनापर्यंत रोज आले, रोज दार धरलं. आत मात्र पुन्हा आले नाहीत. सेक्रेटरी दोनदा बोलवायला गेले, तेव्हा "इन्शाल्ला, पुढच्या वर्षी," म्हणाले. पुढच्या वर्षाआधीच कंपनीनं माणसं कमी केली आणि चाचा रत्नागिरीला गेले.

यंदा मखर पुन्हा त्याच भिंतीला लागलं. सेक्रेटरींनी कडी घातली आणि आरती सुरू झाली. माझी मुलगी पुढच्या रांगेत टाळ्या वाजवत होती. मी मागे गेलो आणि कडी काढली. बाहेर धरायला कोणी नव्हतं, त्यामुळे दार थोडं उघडंच राहिलं. सेक्रेटरींनी एकदा वळून दाराकडे पाहिलं आणि स्वतःचा आवाज खाली आणला. उरलेली आरती आम्ही सगळ्यांनी हळू आवाजात म्हटली.