लाल रेघेची कालवं

इब्राहिम गेल्याची बातमी मला माणगावच्या बाजारात कळली. आगरदांड्याहून आलेला ओळखीचा माणूस सुकटीची टोपली खाली ठेवत म्हणाला, "तुमचा दोस्त गेला हो, तापानं." मी त्याच्यावरच खेकसलो, "भलतंसलतं बोलू नकोस!" आज महिना उलटून गेला, तरी मला दिसतो तो अंगणात शिंपला उंचावून नाचणारा इब्राहिम. रडतकढत लिहिलं तर तो वरून माझी टर उडवेल. तेव्हा ती गंमतच सांगतो.

मुंबईला कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. तो शास्त्राचा, मी कलाशाखेचा. पदवी झाली आणि त्याच्या चुलत्यांनी फर्मान काढलं, आता गलबतावर चढ, व्यापार सांभाळ. पण ह्या पठ्ठ्याच्या डोक्यात विद्यापीठाची संशोधन शिष्यवृत्ती घुसलेली! त्याच्या आगरदांड्याच्या खाडीतली कालवं खडकावर कुठं जास्त वाढतात, वर की खाली, एवढंच त्याला शोधायचं होतं. होडीचा लाल रंग घेऊन त्यानं शेकडो शिंपल्यांच्या कडेवर रेघा ओढल्या, वरच्या खडकावर एक, खालच्यावर दोन. रेघेच्या पलीकडे जेवढा पांढरा शिंपला येईल तेवढी नवी वाढ. साधी युक्ती, पण मला ती ऐकूनच थरारल्यासारखं झालं. शिष्यवृत्ती ज्यांच्या हाती होती ते प्राध्यापक स्वतः काम बघायला येणार होते. त्यांना पटलं तर मुंबई, नाहीतर गलबत.

इब्राहिमला वाढवलं त्याच्या फुफीनं, म्हणजे आत्यानं. तिला त्यानं बजावून ठेवलं होतं, "लाल कालवांना कुणी हात लावायचा नाही. ती मुंबईच्या साहेबांसाठी आहेत." फुफीनं गावातल्या बायकांना खडकाजवळ फिरकू दिलं नाही.

प्राध्यापक आले, त्या दिवशी मीही तिथंच होतो. मूळचे गोव्याकडचे, खाण्याचे शौकीन. आधी जेवण, मग ओहोटीला खडक बघायचा असं ठरलं. पानात कालवांचं झणझणीत सुकं आलं आणि साहेब खूश होऊन म्हणाले, "वा! एवढी टपोरी कालवं मी उभ्या जन्मात खाल्ली नाहीत!" इब्राहिमचा घास हातातच राहिला...

"फुफी, ही कुठली?"

"कुठली म्हंजे? तूच बोललास ना, मुंबयच्या सायबासाठी हायेत म्हणून! सगली आणली, येक नाय ठेवली."

मला हसू आवरेना आणि इब्राहिम पांढराफटक. एकदम तो उठून परसात धावला. शिंपले भाजून चुना करणाऱ्यासाठी रचून ठेवलेल्या ढिगात त्यानं दोन्ही हात घातले, आणि आरोळी ठोकली, "आहेत! रेघा आहेत!" साहेब उष्ट्या हातानंच बाहेर आले. मग काय, अंगणात दोन ढीग लागले, एका रेघेचे आणि दोन रेघांचे. दोन रेघांच्या शिंपल्यांची पांढरी कड ठळक रुंद दिसत होती. साहेबांनी शिंपला उन्हात धरला, हसले आणि म्हणाले, "या मुंबईला. जागा तुमची."

इब्राहिम नाचलाच! पण नाचता नाचता त्यानं मला पुढं ढकललं. "सर, हा कालवं फोडणाऱ्या बायकांची गाणी गोळा करतो. ह्याला वाटतं संशोधन फक्त शास्त्रवाल्यांना." साहेब माझ्याकडे वळले. "अहो, शिष्यवृत्ती कलाशाखेलाही आहे. तुमच्या किनाऱ्यावरून कुणी मागतच नाही!" पुढच्या वर्षी मीही मुंबईला होतो. माझं सगळं आयुष्य त्या एका धक्क्यानं वळलं, आणि हे त्याला नीट सांगायचं राहूनच गेलं...

पुढं तो कॉलेजात शिकवू लागला, तरी दर सुट्टीत रंगाचा डबा घेऊन आगरदांड्याला यायचा. परवा मी फुफीला भेटायला गेलो. फार थकली आहे. जेवायला वाढलं, पण पानात कालवं नव्हती. ओहोटीला तिनं मला हात धरून खडकापाशी नेलं. खडकभर ताज्या लाल रेघा होत्या, त्याच्या शेवटच्या सुट्टीतल्या.

"मुंबयवरनं कोनी शिकणारा पोर येईल ना रे बघायला?" फुफीनं विचारलं. "त्याला सांग, राखून ठेवल्यात. ह्या वेलेला शिजवणार नाय."