सेम्बावांगचा स्टिरिओ आणि दोन शून्यं

लाल-पांढऱ्या पिना मी चुकीच्या सॉकेटमध्ये खुपसल्या आणि अंकल टॅन यांच्या हॉलमध्ये असा काही फाटका आवाज झाला, की समोरच्या फ्लॅटमधली बाई दार उघडून बाहेर आली.

अंकल खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत. म्हणाले, "तू प्रोफेशनल ना?"

होतो. म्हणजे, आहे. ऑफिसांच्या मीटिंग रूममध्ये स्क्रीन, माइक, स्पीकर बसवून देणं हेच माझं काम. म्हणून तर माझी बॉस ह्वेई लिंग हिने शनिवारी सकाळी मला तिच्या वडिलांच्या, म्हणजे याच अंकलच्या घरी, सिंगापूरच्या उत्तर टोकाला सेम्बावांगला पाठवलं होतं. "घरचा कॉम्प्युटर जुन्या स्टिरिओला जोडायचाय. पंधरा मिनिटांचं काम, लाह!" हे 'लाह' म्हणजे सिंगापूरकरांचं आपल्या 'रे'सारखं शेपूट.

काम छोटं होतं, पण त्यामागचं कारण मोठं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आंटी स्वयंपाकघरात गात असताना अंकलनी ते गाणं गुपचूप कॅसेटवर टिपलं होतं. ह्वेई लिंगने ते कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. पण आंटींना आता कमी ऐकू येतं. कॉम्प्युटरच्या चिमुकल्या स्पीकरवर ऐकून त्या म्हणाल्या, "हा माझा आवाज नाहीच." अंकलना ते फार लागलं. आज आंटींचा पंचाहत्तरावा वाढदिवस. त्या केस सेट करायला गेल्या होत्या आणि एक वाजता नातेवाइकांसकट परतणार होत्या. तोवर गाणं स्टिरिओवर वाजायला हवं होतं.

पहिली चूक समजण्यासारखी होती, निदान मला तरी. मी मागची अक्षरं न वाचता सवयीने हात घातला तो 'फोनो' सॉकेटवर. तो रेकॉर्ड प्लेअरसाठी असतो. रेकॉर्डच्या सुईचा आवाज अगदी क्षीण, म्हणून ते सॉकेट त्याला आधीच भरपूर वाढवतं. कॉम्प्युटरचा आवाज मुळातच दणकट. कुजबुज ऐकायला लावलेल्या कानात जाऊन ओरडल्यासारखं झालं. मी पिना काढून शेजारच्या 'ऑक्स'मध्ये घातल्या, तो अशा बाहेरच्या यंत्रांसाठीच असतो. आता आवाज स्वच्छ आला, पण त्याच्या खाली एक अखंड 'घूंऽऽ'.

"हा मच्छर कुठला?" अंकलनी विचारलं.

"कॉम्प्युटरचा साउंड ड्रायव्हर जुना असेल," मी म्हणालो. आमच्या धंद्यात काही सुचेना झालं की अपडेट मारायचा. वीस मिनिटं गेली. कॉम्प्युटर नव्या उत्साहाने सुरू झाला. घूंऽऽ होता तिथेच.

मग वायर बदलली. फरक नाही. कॉम्प्युटरच्या पिना उपसल्या, घूंऽऽ गायब. घातल्या, हजर. आता माझी ट्यूब पेटली.

"ग्राउंड लूप!" मी छाती फुगवून जाहीर केलं आणि अंकलसमोर मीटिंग रूममधलं माझं लेक्चर सुरू केलं. प्रत्येक यंत्राला एक शून्य लागतं, त्यावरून ते व्होल्टेज मोजतं. कॉम्प्युटरला ते भिंतीतल्या प्लगच्या अर्थिंगमधून मिळतं. तुमच्या स्टिरिओला टीव्ही जोडलाय, त्यामुळे त्याला दुसरं शून्य टीव्हीच्या अँटेनाच्या वायरमधून मिळतं. एकाच घरात दोन घड्याळं, दोन मिनिटांच्या फरकाची. त्यांचं भांडण आपल्याला स्पीकरमधून ऐकू येतं.

"उपाय?"

"दोन्ही शून्यं वेगळी ठेवणारी आयसोलेटर नावाची एक डबी मध्ये जोडायची."

"कुठाय?"

"बुओना व्हिस्टाला. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये."

घड्याळात बारा वाजून पंचवीस मिनिटं. MRT मेट्रोने बेटाच्या दक्षिणेला जाऊन परत येईपर्यंत केक संपला असता. मी चाचरत म्हणालो, "थोडा वेळ कॉम्प्युटरचं अर्थिंगच तोडलं तर..."

अंकल पहिल्यांदाच ताठ बसले. "मी शिपयार्डमध्ये इलेक्ट्रिशियन होतो. असं बोलणाऱ्याला आम्ही बोटीवर चढू देत नसू."

मी प्लगकडे गेलेला हात मागे घेतला.

"दुसरं शून्य कुठून येतं म्हणालास?"

"टीव्हीच्या अँटेनाच्या वायरमधून."

"मग ती काढ ना!"

मी भिंतीतून अँटेनाची वायर उपसली. घूंऽऽ एकदम बंद. हॉलमध्ये इतकी शांतता पसरली, की मला माझी लाज ऐकू आली.

"पण मग टीव्ही?" मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"आज टीव्ही कोण बघतोय?" अंकल म्हणाले.

एक वाजता आंटी केस फुगवून, दहा-बारा नातेवाईक घेऊन आत आल्या. अंकलनी स्वतः आवाज वाढवला. एक तरुण बाई गाऊ लागली, मागे कढईची खडखड. आंटी चपला काढता काढता थबकल्या.

"अय्यो, किती घाईघाईने गायचे मी!" त्या ओरडल्या. मधेच टेपमधून एका तरुण पुरुषाचा खोकला आला. त्यांनी वळून अंकलच्या दंडावर चापट मारली. "चोर! तू दारामागे होतास!" मग त्या गाऊ लागल्या, टेपपेक्षा सावकाश. त्यामुळे टेप पुढे आणि आंटी मागे, आणि सगळं घर टाळ्या वाजवत मधे. मला केकचे दोन तुकडे मिळाले.

यातून एवढंच शिकलो, की दुसऱ्याला समजावून सांगताना आपणही थोडं ऐकावं.

घरी आल्यावर माझ्या बायकोला, मेधाला, सगळं साभिनय सांगितलं. ती खूप हसली. मग म्हणाली, "तुझ्याकडे माझा जपून ठेवलेला एक तरी आवाज आहे का रे?"

"आहे की! व्हॉइस मेसेज. 'येताना कोथिंबीर आण', 'कोथिंबीर विसरलास ना', 'कोथिंबीर!' सगळे आहेत."

"मग माझ्या पंचाहत्तरीला तेच मोठ्याने लाव," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर ऐकलंस, तर तेव्हा तरी आणशील."